एकाच वेळी दोन हार्ड डिस्क बंद पडल्या, तर डेटा परत मिळतो का?

कार्यालयाचा सर्व्हर असो किंवा फोटो स्टुडिओतलं स्टोरेज, महत्त्वाचा डेटा सहसा एकाच हार्ड डिस्कवर ठेवत नाहीत. चार-सहा डिस्क एकत्र जोडून त्यांचा एक संच केला जातो. या पद्धतीला 'रेड' म्हणतात. संचातली एक डिस्क बंद पडली तरी काम सुरू राहतं. पण दुसरीही गेली तर?

अशा वेळी संच उघडतच नाही आणि सगळं संपलं असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक डेटा अनेकदा डिस्कवर शाबूत असतो. तो कायमचा जातो, तो नंतर घाईत केलेल्या दुरुस्तीमुळे.

रेड नेमकं काम कसं करतं?

डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला ही कल्पना मांडली. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरायच्या आणि एखादी बिघडेल हे आधीच गृहीत धरायचं, असा त्यामागचा विचार होता.

समजा, तीन डिस्कवर ५, ३ आणि ४ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज, म्हणजे १२ लिहिली आहे. ३ असलेली डिस्क गेली, तर १२ मधून ५ आणि ४ वजा करून हरवलेला आकडा काढता येतो. संगणक बेरजेऐवजी 'एक्सऑर' ही क्रिया वापरतो, पण तत्त्व हेच. या जादा माहितीला 'पॅरिटी' म्हणतात.

दोन आकडे हरवले, तर एका बेरजेवरून ते सापडत नाहीत. म्हणून रेड ५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते. रेड ६ मध्ये दोन वेगवेगळी गणितं साठवलेली असल्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड ० मध्ये पॅरिटीच नसते, त्यामुळे एक डिस्क गेली तरी संच कोसळतो.

दोन डिस्क एकदम कशा जातात?

संचातल्या डिस्क बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या आणि सारख्याच वापरातल्या असतात. गार्थ गिब्सन यांनीच बियांका श्रोडर यांच्यासोबत २००७ साली सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या माहितीपत्रकांनुसार वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क बिघडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणं सर्रास होतं. एक डिस्क गेली की पाठोपाठ दुसरी जाण्याची शक्यताही वाढलेली दिसली.

दुसरं कारण म्हणजे 'रीबिल्ड'. नवी डिस्क बसवल्यावर तिच्यावरचा डेटा नव्याने तयार करण्यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने वाचली, तरी ११ तास लागतात. वर्षानुवर्षं न वाचलेला खराब भाग अशा वेळी समोर येतो.

त्यातही दुसरी डिस्क मेलेलीच असते असं नाही. घरगुती वापरासाठीच्या काही डिस्क खराब भाग वाचण्यासाठी बराच वेळ झटत राहतात. लिनक्स मात्र साधारणपणे ३० सेकंदच वाट पाहतं. उत्तर आलं नाही, की चांगली डिस्कही संचाबाहेर जाऊ शकते. सैल केबल किंवा बिघडलेला वीजपुरवठा यामुळेही असं होतं.

पहिल्या तासात काय करावं?

सर्वांत आधी संचावर काहीही लिहिणं थांबवावं. सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. कोणती डिस्क कोणत्या खणात होती, हे चिठ्ठी लावून नोंदवावं. एखादी डिस्क टकटक किंवा खरखर आवाज करत असेल, तर तिला पुन्हा वीज देऊ नये. तिचं काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच होतं.

ज्या डिस्क वाचता येतात, त्यांची हुबेहूब प्रत काढावी. यासाठी 'डीडीरेस्क्यू' हे मोफत साधन आहे. ते आधी चांगला भाग वाचून घेतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. यापुढचे सगळे प्रयोग प्रतींवर करावेत, मूळ डिस्कवर नाही.

कोणती डिस्क खरी धरायची?

इथेच मोठी चूक होते. समजा, रेड ५ मधली एक डिस्क सोमवारी बाहेर पडली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. शुक्रवारी दुसरी पडली आणि संच बंद झाला. सोमवारची डिस्क सुरू होत असली, तरी तिच्यावरचा डेटा चार दिवस जुना आहे. ती घेऊन संच जोडला, तर जुना आणि नवा डेटा एकमेकांत मिसळतो.

लिनक्सच्या रेडमध्ये प्रत्येक डिस्कवर 'इव्हेंट काउंट' हा आकडा असतो. तो जिचा मागे पडलेला, ती डिस्क जुनी. आधी बाहेर पडलेली डिस्क बाजूला ठेवून, शेवटी पडलेली घेऊन 'एमडीएडीएम' या साधनाने संच सक्तीने जोडता येतो. मग फायली फक्त वाचण्यापुरत्या उघडून दुसरीकडे उतरवून घ्यायच्या. काही भाग वाचता आला नसेल, तर थोड्या फायली जातील, पण बाकीच्या हाती येतील.

नवा संच तयार करणं, डिस्क 'इनिशियलाइज' करणं किंवा फाइल सिस्टिमची दुरुस्ती चालवणं हे पर्याय या टप्प्यावर टाळावेत. त्यामुळे शाबूत डेटावरच नवं काही लिहिलं जाऊ शकतं.

मग रेड असताना बॅकअप कशाला?

चुकून डिलीट केलेली फाइल रेडमध्ये सगळ्याच डिस्कवरून जाते. व्हायरसने डेटा कुलूपबंद केला, तरी रेडचा उपयोग नसतो. ठरावीक काळाने संपूर्ण संच वाचून तपासणं, डिस्क बाहेर पडताच सूचना येईल अशी सोय करणं आणि मोठ्या डिस्कसाठी रेड ६ निवडणं यामुळे धोका कमी होतो. तरीही एक प्रत संचाबाहेर, शक्यतो दुसऱ्या जागी असायलाच हवी आणि ती उघडते का, हेही अधूनमधून पाहायला हवं. डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, यासाठी रेड असतं. डेटा सुरक्षित ठेवण्याचं काम बॅकअपचं आहे.