नोंद आहे, पण सापडत नाही

मागच्या वेळी आपण माहिती साठवण्याचा इतिहास पाहिला, आज ती शोधण्याचा पाहू. शब्दकोशात आपण शब्दावरून अर्थ शोधतो, तशी संगणकात 'की'वरून, म्हणजे किल्लीवरून, नोंद शोधतात. नोंदी क्रमाने लावलेल्या असल्या तर मधली नोंद बघायची, आपली किल्ली तिच्या अलीकडे आहे का पलीकडे ते ठरवायचं आणि निम्मी यादी सोडून द्यायची. दहा लाख नोंदी असल्या तरी जास्तीत जास्त २० नोंदी बघाव्या लागतात.

ही युक्ती जॉन मॉक्ली यांनी १९४६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मूर स्कूलच्या व्याख्यानांत मांडली. पण कितीही लांबीच्या यादीवर बिनचूक चालेल अशी पद्धत छापून यायला १९६० उजाडलं. सोपी वाटते, तेवढी ती नाही.

पुढची अडचण नव्या नोंदीची. ती मध्ये घुसवायची तर पुढच्या सगळ्या एकेक घर सरकवाव्या लागतात. त्यावर उपाय म्हणून झाडाची रचना आली: डावीकडे लहान किल्ल्या, उजवीकडे मोठ्या. सरकवासरकव संपली. पण नोंदी मुळातच क्रमाने येत गेल्या तर? प्रत्येक नवी नोंद उजवीकडेच लटकते, आणि झाडाचा नुसता दोर होतो. गंमत बघा, नीट लावून दिलेली माहितीच इथे घात करते!

१९६२ मध्ये अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी नियम घातला: कुठल्याही नोंदीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या उंचीत एकाहून जास्त फरक नको, पडलाच तर तिथल्या फांद्या फिरवून घ्यायच्या. १९७२ मध्ये रुडॉल्फ बायर यांनी जरा सैल नियमाची रचना मांडली. १९७८ मध्ये गिबास आणि सेजविक यांनी तिला 'लाल-काळं झाड' हे रूप दिलं. झाड थोडं उंच होऊ शकतं, पण फिरवाफिरव कमी.

१९९४ मध्ये अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची लायब्ररी सी++ च्या मानकासाठी स्वीकारली गेली. तिच्यातला 'मॅप' बहुतेक ठिकाणी लाल-काळ्या झाडावरच चालतो. हा मॅप किल्ल्यांना एकच प्रश्न विचारतो: ही तिच्याहून लहान आहे का? दोघींपैकी कुणीच लहान नसेल, तर त्या एकच धरायच्या. म्हणजे 'सारखं' कशाला म्हणायचं, तेही क्रमच ठरवतो.

आता आपल्या मराठीकडे या. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र तो ल आणि व यांच्या मध्ये बसलाय. समजा, झाड युनिकोडच्या क्रमाने लावलं. त्यात 'काळ' हा 'कावळा'च्या डावीकडे गेला. शोधताना आपण वर्णमालेचा क्रम वापरला, तर 'कावळा'पाशी उजवीकडे वळू. उत्तर येईल: नोंद नाही. नोंद तर आहे! आणि चूक झाल्याची सूचनाही कुठे मिळणार नाही.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने शब्दांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या मजकुराच्या सूची जुन्या नियमांनी लावलेल्या होत्या, आणि शोध आता नव्या नियमांनी सुरू झाला. असलेल्या नोंदी सापडेनात. 'एकमेव'चं बंधन असलेल्या रकान्यांत तीच किल्ली दुसऱ्यांदा शिरण्याचा धोका उभा राहिला. त्या सूची नव्याने बांधणं हाच उपाय होता.

म्हणून स्टेपानोव्ह यांच्या मॅपमध्ये तुलनेचा नियम मॅपच्या प्रकाराचाच भाग आहे, हे महत्त्वाचं. नोंदी लावतानाही तोच, शोधतानाही तोच. आपल्याला वेगळा क्रम हवा असेल, तर तो मॅप बनवतानाच सांगायचा. नंतर बदलता येत नाही.

पुढच्या व्याख्यानात हॅशिंग घेऊ. तिथे क्रमाचा नादच सोडून दिलेला आहे. त्याची किंमत काय पडते, ते तेव्हा बघू.