मुलकोवालचा चिमटा

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव मुंबईकराला सांगावं लागत नाही. पण ज्यांच्या नावाने ती संस्था ओळखली जाते त्या वाल्डेमार हाफकिन यांची नोकरी एका चिमट्यामुळे गेली, हे पॉडकास्टच्या तयारीत वाचेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिननी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळहून बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

मुंबईच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. निष्कर्ष असा, की बाटली परळलाच दूषित झाली असणार. हाफकिननी लस बनवताना कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेवर भर दिला होता, तेही त्यांच्या अंगाशी आलं. पद गेलं, आणि ते इंग्लंडला परतले.

आता तो चिमटा. बाटलीचं बूच काढण्याआधी मदतनिसाच्या हातून तो जमिनीवर पडला होता. त्याने तो ज्योतीवर धरला नाही. कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून काढला आणि तसाच वापरला. गावची जमीन म्हणजे शेणामातीची, धनुर्वाताच्या बीजाणूंचं घरच. सौम्य कार्बोलिकने साधे जंतू मरतात, हे बीजाणू नाही मरत. म्हणजे बघा, जे वगळलं म्हणून हाफकिनना दोषी धरलं, त्याच कार्बोलिकवर भरवसा ठेवून मुलकोवालात घात झाला!

त्या मदतनिसाला मला निष्काळजी म्हणवत नाही. निष्काळजी माणसाने चिमटा नुसता धोतराला पुसला असता. याने औषधात बुडवला, म्हणजे स्वच्छता त्याला माहीत होती. कशाने काय मरतं, एवढंच माहीत नव्हतं. (आमच्या लहानपणीचे कंपाउंडर काचेची सिरिंज उकळायचे, पण पाणी किती वेळ खळखळू द्यायचं हे स्टोव्हवरच्या घाईवर ठरायचं.)

बाटली उघडताना दुर्गंधी आली नव्हती, हा मुद्दा पुढे फार कामी आला. धनुर्वाताचे जंतू आठवडेच्या आठवडे आत वाढत असते, तर घाण वास सुटला असता. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनवरचा आरोप टिकत नाही असं जाहीर सांगितलं. ते भारतात परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. तोवर त्यांनी भारत सोडून दहाएक वर्षं झाली होती.