फेरफार नोंदवही : संगणकाआधीचा ‘लॉग’

आजचा धागा मानोऱ्यापासून सुरू होतो. वाशीम जिल्ह्यातील या तालुक्याचा शेतकरी पीककर्जासाठी ‘सातबारा’ काढतो, तेव्हा तो एक उतारा काढत असतो. उतारा म्हणजे कशातून तरी उतरवून घेतलेले. मग मूळ कोठे असते?

गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि नमुना १२ ही पिकांची नोंदवही, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु नमुना ७ मध्ये नाव चढते ते नमुना ६ मधून, म्हणजे फेरफार नोंदवहीतून. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, जे घडले ते तेथे क्रमांक देऊन ओळीने लिहिले जाते. नोंद रद्द झाली तरी ती फाडली जात नाही; तिच्यापुढे शेरा पडतो आणि पुढची घटना पुढचा क्रमांक घेते.

संगणकशास्त्र अशा वहीस ‘लॉग’ म्हणते. डेटाबेसमधील आकडा बदलण्यापूर्वी बदलाची नोंद लॉगमध्ये उतरली पाहिजे. मग वीज गेली तरी नोंदी पुन्हा चालवून स्थिती उभी करता येते. आयबीएममधील सी. मोहन व सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली ‘एरिस’ ही पद्धत याच नियमावर उभी आहे. तलाठी दप्तराने हा नियम विजेची भीती नसतानाच स्वीकारला होता.

मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा १९०३ चा. त्याआधीच्या मोजणी-आकारणीचा मुख्य प्रश्न एकच होता : सारा कोण भरणार? मानोरा मात्र वऱ्हाडातले. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या या मुलखाने १९२८ चा वऱ्हाड जमीन महसूल कायदा पाहिला, मग १९५४ चा मध्य प्रदेशचा, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. (तलाठ्यास येथे अजूनही ‘पटवारी’ म्हणतात; कायदे बदलले, तोंडची भाषा नाही.)

संहितेचे कलम १५० म्हणजे या लॉगचे नियमपुस्तकच. वर्दी येताच नोंद धरायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आली तर वाद वेगळ्या वहीत चालवायचा, आणि मगच नोंद प्रमाणित करायची. कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. न्यायालये मात्र वारंवार बजावतात की फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. नोंद घटनेची साक्ष देते, घटना घडवत नाही.

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर जाणाऱ्या नावास कंस करीत आणि येणाऱ्या नावाशेजारी फेरफार क्रमांक वर्तुळात लिहीत. तो क्रमांक म्हणजे मुळाकडे नेणारा धागा. ठरावीक वर्षांनी सातबारा पुस्तकाचे पुनर्लेखन होई, कंसातली नावे गळत. गळू नये असे एखादे नावही गळे.

माझ्या मते संगणकीकरणातील खरी अडचण येथेच आहे. प्रथम टंकलिखित झाला तो उतारा. जुने फेरफार स्कॅन होऊन आले ते बहुतांशी नंतर. पुनर्लेखनात पडलेली चूक त्यामुळे छापील अक्षरांत पक्की दिसू लागली. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले, सातबारे मोठ्याने वाचून चुका टिपल्या गेल्या आणि लेखनप्रमाद सुधारण्यासाठी कलम १५५ वापरले गेले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ई-फेरफार प्रणालीत आता दस्त नोंदला की माहिती दुय्यम निबंधकाकडून थेट तहसिलात जाते. म्हणजे नव्या घटनांपुरता क्रम पुन्हा सरळ झाला, आधी वही, मग उतारा.

जुन्यांचे तसे नाही. वडिलांच्या वारस फेरफारात असलेले बहिणीचे नाव आजच्या सातबाऱ्यावर नसेल, तर स्वाक्षरी कितीही अस्सल असो, तो कागद तिच्याविषयी काही बोलत नाही. तेव्हा सातबाऱ्याच्या तळाशी छापलेले जुने फेरफार क्रमांक वाचावे लागतात, आणि दुरुस्तीच्या अर्जास त्या नमुना ६ ची नक्कल जोडावी लागते.