ग्रामपंचायतीचं दप्तर बघायचंय? माहिती अधिकाराचा अर्ज असा करा

रस्ता झाला, बिल निघालं आणि पहिल्याच पावसात खडी वर आली. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "ते गोपनीय आहे." गावच्या कामाच्या हिशोबात गोपनीय काही नसतं. इंग्रजांच्या काळातला १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही आहे, पण माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २२ नुसार जिथं दोघांचा विरोध येतो तिथं माहिती अधिकार वरचढ ठरतो. देशाची सुरक्षा, चालू तपास अशा मोजक्याच बाबी कलम ८ मध्ये राखून ठेवल्यात.

मुळात या कायद्याची मागणी खेड्यातूनच पुढं आली. राजस्थानात मजुरांनी हजेरीपट आणि बिलं दाखवा म्हणून १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं होतं.

अर्ज 'जोडपत्र अ' नमुन्यात, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडा. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. माहिती कशाला हवी, हे कुणी विचारलं तरी सांगायची गरज नाही.

खरी गोम प्रश्नात आहे. "रस्ता निकृष्ट का झाला?" असं लिहिलं की अर्ज गेलाच म्हणून समजा, कारण अधिकारी कारणं देत बसायला बांधील नाही. दप्तरातला कागद मागा. म्हणजे अमुक वस्ती ते तमुक वस्ती रस्ता, अमुक आर्थिक वर्ष. त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (एमबी) आणि अदा केलेल्या बिलांच्या साक्षांकित प्रती. एमबी हातात आली की टेप घेऊन रस्ता मोजता येतो. प्रत पानाला २ रुपये पडते. पानं फार असतील तर आधी दप्तर पाहणी मागा.

अर्जाची पोच घ्याच, नाहीतर स्पीड पोस्टानं पाठवा. पोच नसेल तर पुढं अपिलात अडचण येते.

३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. मुदत टळली तर प्रती फुकट द्याव्या लागतात. मग ३० दिवसांच्या आत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं, फी २० रुपये. तिथंही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड करू शकतो. पण तिथं तारीख मिळायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं वैयक्तिक माहितीचं कलम कडक केलंय. त्यामुळे लाभार्थ्यांची नावं मागितली की नकार येऊ शकतो. अशा वेळी अपिलात कलम ८(२) खाली जनहिताचा मुद्दा मांडा.