चांदबिबीचा तह

पाथर्डीकडून नगरला येताना शहा डोंगरावरची ती अष्टकोनी इमारत दिसली, की एसटीत कुणी ना कुणी बोट दाखवायचंच, "तो बघ चांदबिबीचा महाल!" खरं तर ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर. पण नगरकरांनी डोंगर बिबीच्या नावावर केला, तो केलाच.

आमच्या आजोबांची चांदबिबी, नगरच्या निजामशाहीची लेक, लढवय्यी. डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद नगरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घालून बसला. सुरुंगाने तट उडाला, तशी बिबी तोंडावर बुरखा नि हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. रातोरात भिंत परत चढली. गोळे संपल्यावर तिने तांब्याची, चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरली, हे सांगताना आजोबांचा आवाज चढायचा.

ज्वारी पाखडता पाखडता आजी म्हणायची, "अन् पुढचं?" मग पुढचं तीच सांगायची. १५९६ मध्ये बिबीने तह केला. वऱ्हाड मोगलांना दिलं आणि भावाचा नातू, लहानगा बहादूर, गादीवर राखला. आजोबांना हे वऱ्हाड देणं कधी पचलं नाही. आजी म्हणायची, "बांध सरकला म्हणून कुणी घर पेटवून देतं का?"

तह बिबीला नवा नव्हता. तिचं लग्नच एक तह होतं. नगर आणि विजापूर हाडवैरी; ते वैर मिटवायला हुसेन निजामशहाने लेक अली आदिलशहाला दिली, वर सोलापूरचा किल्ला आंदण. या सोयरिकीनंतरच, १५६५ मध्ये, दक्षिणेतल्या शाह्या विजयनगरविरुद्ध एकत्र लढल्या.

१६०० मध्ये मोगल पुन्हा आले. या वेळी शहजादा दानियाल आणि मोगल सेनापती खानखानान. दरबार भाऊबंदकीने पोखरलेला. बिबीने हिशेब केला : किल्ला द्यावा, शिबंदीचे जीव वाचवावेत, बहादूरला घेऊन जुन्नरला जावं. ही बोलणी बाहेर फुटली. बिबी फितूर झाली, अशी आवई किल्ल्यातल्याच एका सरदाराने उठवली आणि जमावाने तिला महालात घुसून मारलं.

आजोबांच्या गोष्टीत मात्र ती तेजाबाच्या विहिरीत उडी घेते. गावोगाव हीच गोष्ट चालते, आणि का चालते ते मला आता कळतं. विहिरीला जाब विचारावा लागत नाही. आपल्या माणसांना विचारावा लागतो. १९४२ ते १९४५ याच किल्ल्यात कैदेत असलेल्या नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त तिचा उल्लेख करताना विहीर आणली नाही. आपल्याच माणसाने तिला मारलं, असं सरळ लिहिलं.

तिच्यामागे किल्ला फार दिवस टिकला नाही. ऑगस्ट १६०० मध्ये मोगल आत शिरले, शिबंदी कापली गेली आणि बहादूरची रवानगी जुन्नरऐवजी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. बिबी ज्या अटी मागत होती, त्यातली एकही तिला फितूर म्हणणाऱ्यांना मिळवता आली नाही.