फटफटीचा मोह

महाड तालुक्यांतील बिरवाडीहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या बुलेटचा ठोका ऐकूं आला म्हणजे हातचें काम टाकून बाहेर डोकावणारीं माणसें असतात; आम्हीही त्यांतलेच आहों. अशी एक फटफटी आपल्या दारीं असावी हा मोह आम्हांसही झाला आहे. परंतु सौदा करण्यापूर्वी त्या मोहाचा इतिहास पाहावा हें बरें.

बुलेट हें नांव इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कारखान्यानें १९३२ सालीं योजिलें. पुढें भारतीय लष्करानें ही गाडी सरहद्दीवरील गस्तीसाठीं पसंत केली, आणि १९५५ सालीं तत्कालीन मद्रास येथें एनफील्ड इंडिया कंपनी उभी राहिली. कालांतरानें रेडिचचा कारखाना बंद पडला. मद्रासची गाडी मात्र जुन्याच धर्तीवर कित्येक दशकें निघत राहिली. मूळ घर मोडलें व शाखा नांदली!

तिच्या इंजिनाला सिलिंडर एकच. व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ९०. दट्ट्या वरखालीं होतांना जो धक्का बसतो, त्यास उत्तर देण्यास दुसरा दट्ट्या नाहीं. क्रँकवर वजन चढवून उभा हादरा कमी करावा, तों आडवा वाढतो. म्हणून आरसा थरथरतो, बोल्ट सैल होतात, हातांस मुंग्या येतात. पण त्याच एका सिलिंडरमुळें इंजिनाचे भाग थोडे, आणि तालुक्याच्या गांवचा मिस्त्रीही तें उघडून पुन्हां जोडूं शकतो. गुण व दोष एकाच मुळाचे आहेत.

२०२० सालीं मीटिओर गाडीबरोबर आलेल्या नव्या इंजिनांत उलट दिशेनें फिरणारा, तोल राखणारा दांडा बसविला गेला व कंप पुष्कळ शमला. २०२३ सालीं बुलेटलाही तेंच इंजिन मिळालें. मग मोह जुनीचाच कां? ज्यांनीं ती त्या काळीं चालविली, त्यांनीं कंप हौसेनें घेतला नव्हता. तो गाडीबरोबर आला होता. त्यांच्या अंगदुखीस आपण आज वैभव म्हणतों, यांत त्यांच्यावर थोडा अन्यायच आहे.

तेव्हां हातीं पाना धरण्याची ज्याची तयारी असेल, त्यानें ती खुशाल घ्यावी. आम्ही प्रथम ती वरंध घाट चढवून पाहणार आहों. परत बिरवाडीस उतरल्यावर हातांतील मुंग्यांबरोबर मनांतील मोहही शिल्लक असेल, तरच किंमतीची गोष्ट काढूं.