जांभोरीचा होन्या आणि मेजर डॅनियल

मेजर डॅनियल हे नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जातं. जुलै 1879 मध्ये देवर नावडगीला वासुदेव बळवंत फडक्यांना पकडणारा इंग्रज पोलीस अधिकारी. पण त्याच्या तीन वर्षं आधी, 1876 च्या जुलैत, याच डॅनियलनं आपल्या आंबेगावच्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले पकडला होता.

होन्या महादेव कोळी. 1873 पासून त्यानं माणसं जमवली आणि सावकारांवर धाडी घातल्या. कित्येकांची नाकं कापली. होय, खरोखर कापली. जमिनी गहाण पडलेला, व्याजात बुडालेला मुलूख होता तो. तिकडे सुप्याला 1875 मध्ये लोकांनी सावकारांचे कागद जाळले, त्याच काळातली ही गोष्ट.

सरकारला तो सापडेना. जुन्नर-आंबेगावचा घाट उतरला की ठाणे जिल्हा, म्हणजे साहेबही दुसरा आणि पोलीसही दुसरे! मग होन्याच्या डोक्यावर 1000 रुपये लावले, त्याच्या काही साथीदारांवर 200 ते 600. मला यातलं हे दुसरं बक्षीसच जास्त धूर्त वाटतं. टोळीतल्या प्रत्येकाला शेजारच्याकडे संशयानं बघायला लावायचं.

आणि हे सगळं आपल्याला कळतं ते सरकारी गॅझेटियरमधून. होन्याची बाजू त्यात कुणी विचारलेली नाही.

फडक्यांवरही पुढे बक्षीस लागलं. त्यांनी उलट गव्हर्नर टेंपलच्याच डोक्यावर इनाम लावलं.